बेथेल रिजवरच्या पाट्या

टॉलिव्हर काउंटीत ऑक्टोबरात निवडणुकीला उभं राहिलेल्या माणसाला नूडल्स खावे लागतात. घोटलेल्या बटाट्याचा ढीग, त्यावर जाड नूडल्स, वरून कोंबडीचा पिवळट रस्सा. एका शनिवारी चर्चच्या तळघरात, दुसऱ्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, मधल्या वारी शाळेच्या बँडच्या मदतीसाठी. कोरीन प्रॉसरला हे जेवण कधी फारसं आवडलं नव्हतं. पण सप्टेंबरपासून तिने ते इतक्या वेळा खाल्लं होतं की आवडण्या-नावडण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

ती वकील होती. काउंटीच्या बाल आणि वारसा न्यायालयात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आईबापांच्या भांडणात मुलाच्या बाजूने उभं राहायचं, म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं करायची, असं काम. आता त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी ती उभी होती. ओहायोत न्यायाधीश लोकांनी निवडून द्यायचा असतो, आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर काउंटीच्या न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष लिहीत नाहीत. नुसतं नाव असतं. निवडून आल्यावर कोणत्या खटल्यात काय करणार, हे बोलायची उमेदवाराला मनाई. त्यामुळे प्रचार म्हणजे ताटली हातात घेऊन टेबलाटेबलाशी थांबायचं आणि हवापाण्याचं बोलायचं.

बेथेल चर्चच्या तळघरात लेस्टर गुडपास्टरने तिला बाही धरून थांबवलं. पूर्वी त्याच्या गायी होत्या, आता नुसता गोठा होता.

"माझ्या नातवाचा ताबा कोणाकडे जाणार, तेवढं सांग."

"ते मला बोलता येत नाही, लेस्टरकाका."

"निवडणूक झाल्यावर?"

"तेव्हा तर अजिबातच नाही."

"मग इथे कशाला आलीस?" लेस्टरने हे काही रागाने विचारलं नव्हतं. त्याने भोपळ्याच्या केकची थाळी तिच्याकडे सरकवली. "घे, डोरीनने केलाय. आणि जजना सांग, लेस्टरने आठवण काढली म्हणून. आमची दोन मतं नेहमीसारखी पक्की."

"आभारी आहे," कोरीन म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

चूक दुरुस्त करायची तर ते वाक्य उच्चारावं लागलं असतं, आणि तिच्या हातात ताटली होती.

तिचे वडील, जज एलिस प्रॉसर, मार्चमध्ये गेले होते. बाजारातून आले, गाडी घरासमोर नीट लावली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिले. शेजाऱ्याला वाटलं, रेडिओ ऐकतायत. अंत्यविधीला चर्च भरलं होतं, पण ते गावातल्या लोकांनी. काउंटीचं साप्ताहिक दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं आणि तेव्हापासून कोण जन्मलं, कोण गेलं हे वरच्या अंगाला, डोंगरकण्यावरच्या बेथेल रिजवर, कळलं तर कळायचं. सत्तरीनंतर न्यायाधीशपदाला उभं राहता येत नाही, म्हणून एलिस प्रॉसर सहा वर्षांपूर्वी घरी बसले होते. रिजवरच्या लोकांच्या हेही नीटसं लक्षात आलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी जज म्हणजे जज प्रॉसर. मधल्या काळात जो बाहेरगावचा माणूस त्या खुर्चीत बसला, तो मुलांना नावाने न बोलावता फायलीच्या क्रमांकाने बोलवायचा. कोरीनने तेव्हाच ठरवलं होतं की ही जागा मोकळी झाली की आपण उभं राहायचं.

तिला ती खुर्ची हवी होती. आणि ती स्वतःच्या नावावर हवी होती. हे मात्र ती कोणाजवळ बोलली नव्हती, कारण नाव तर तेच होतं. वडीलही यावर एकदाच बोलले होते, उमेदवारीचे कागद भरल्यानंतर. "प्रॉसर म्हणून मतं मिळतील," ते म्हणाले होते. "त्यातली किती तुझी, ते तुझं तूच बघ."

हरली तर पुढे काय, तेही सरळ होतं. काउंटीत हे न्यायालय एकच, त्याचा न्यायाधीश एकच. दुसरा उमेदवार ग्रँट हॅसलबाक, सरकारी वकिलाच्या कार्यालयातला. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तो जिंकला की तिला उरलेली सगळी वर्षं त्याच्यासमोर उभं राहून "युवर ऑनर" म्हणायचं होतं.

पहिली पाटी तिला गुरुवारी दिसली. रिजवर न्यायालयाने एका सांभाळणाऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलीला भेटायला ती निघाली होती. मक्याची कापणी झालेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती खुंटं. एका घरासमोरच्या गवतात गडद हिरवी पाटी उभी होती, पांढरी अक्षरं: जज प्रॉसर कायम ठेवा.

पाटी पाहून तिला काही वेगळं वाटलं नाही. लहानपणापासून दर सहा वर्षांनी शरद ऋतूत त्या पाट्या काउंटीभर उगवायच्या; भोपळे आणि मक्याच्या पेंढ्या जशा दारादारांत दिसतात, तशा. दोन वळणं पुढे गेल्यावर तिने गाडीचा वेग कमी केला. मग तिसऱ्या वळणावर आणखी एक दिसली. चढावर ओळीने तीन.

मुलीला भेटून ती त्याच रस्त्याने परत आली आणि कुठेही थांबली नाही.

न्यायालयाच्या तळमजल्यावर कॉफीचं यंत्र आहे. दुपारी ग्रँट हॅसलबाक तिथे उभा होता, जणू सहज आल्यासारखा.

"रिजवर गेली होतीस का एवढ्यात?" त्याने विचारलं.

"आजच."

"मग तू पाहिल्यास."

"पाहिल्या."

"मी तक्रार करणार नाही," ग्रँट म्हणाला. "तुझे वडील मला आवडायचे. पहिल्या वर्षी मी त्यांच्यासमोर चुकीच्या मुलाची फाईल वाचत होतो, तर त्यांनी मला संपूर्ण वाचू दिली आणि मग म्हणाले, आता बरोबर मुलाची वाचा. पण माझी बायको फोटो काढून आलीये. तिला ते आवडण्याचं कारण नाही."

"मी लावलेल्या नाहीत, ग्रँट."

"माहितीये. पण नियम काय आहे तेही तुला माहितीये." नियम साधा होता: जो सध्या न्यायाधीश नाही, त्याने आपल्या नावापुढे जज लावायचं नाही. पाटी कोणी लावली हे विचारत नाहीत. "लोकांना वाटतंय ते परत उभे आहेत. माझा मेहुणा म्हणाला, अरे, तू म्हाताऱ्या जजविरुद्ध उभा राहिलास? लाज नाही वाटत?"

कोरीनला हसू आलं आणि ते तिने कॉफीच्या पेल्याआड लपवलं.

पाट्या कोणी लावल्या याचा शोध घ्यावा लागणार नव्हता. डेलबर्ट क्रॅबट्री हा वडिलांचा बेलिफ होता. वडील बेंचवर होते तितकी वर्षं तो न्यायालयाच्या दाराशी उभा राहून "सगळ्यांनी उठावं" म्हणाला होता, आणि त्यांच्यासोबतच घरी बसला होता. संध्याकाळी ती नेड्रा आत्याकडे पोचली तेव्हा तो स्वयंपाकघरात राजमा-खिम्याची चिली खात बसला होता. नेड्रा आत्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्याच घरी प्रचाराचं सामान ठेवलेलं, तिच्याच टेबलावर सगळ्या बैठका व्हायच्या.

"डेलबर्टकाका, त्या पाट्या तुम्ही लावल्यात?"

"लावल्या की. तुझ्या संपल्या होत्या. वरचे लोक मागत होते, मी काय रिकामा हात दाखवू?" त्याने ब्रेड मोडला. "माझ्या गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या. प्लॅस्टिक जसंच्या तसं आहे. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या."

"त्यावर जज लिहिलंय."

"तू होणारच आहेस ना? दोन आठवडे आधी."

"असं नसतं ते."

"नसतं काय नसतं," नेड्रा आत्या भांडं घासता घासता म्हणाली. "दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे. तो हॅसलबाकचा पोरगा तक्रार करणार नाही म्हणालाय ना? मग तू कशाला स्वतःच्या पायावर दगड मारून घेतेस? रिजवर तुला कोण ओळखतं? मी सांगते, कोणी नाही. तू वर जातेस ते लोकांची मुलं काढून न्यायला. असंच वाटतं त्यांना."

"मी काढून नेत नाही, आत्या."

"त्यांना वाटतं म्हटलं मी."

"त्यांना वाटतंय की बाबा जिवंत आहेत."

नळ वाहत राहिला. आत्याने तो बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. "वाटू दे की दहा दिवस," ती म्हणाली. "कोणाचं काय बिघडतंय?"

डेलबर्ट वाटीत बघत होता. "मी रोज सकाळी एक फेरी मारतो वर," तो म्हणाला. "काही काम नसतं. पण बरं वाटतं रस्त्याने जाताना."

कोरीनला त्याला सांगता आलं असतं, की मलाही क्षणभर बरं वाटलं. ती म्हणाली, "शनिवारी तुमचा ट्रक घेऊन या. आणि कोणाकोणाकडे लावल्यात, आठवत असेल ना?"

"आठवत नाही म्हटलं तर?"

"मग शोधत फिरू."

शनिवारी हवा थंड होती आणि आभाळ कोरडं. डेलबर्टने ट्रकच्या मागच्या भागात ताडपत्री अंथरली होती, पाट्यांना चरा पडू नये म्हणून. तो गाडी चालवत होता आणि रस्ताभर सांगत होता की या घरी बोलत बसू नकोस, कुत्रा वाईट आहे; त्या घरी कॉफी नाकारू नकोस, तिला राग येतो.

नुसती पाटी उपटून निघून येता आलं असतं. पण लोक घरात होते, खिडकीतून बघत होते, आणि दुसऱ्याच्या अंगणातून न विचारता काही नेण्याची रिजवर पद्धत नाही. त्यामुळे प्रत्येक दारावर थाप मारावी लागली, आणि दार उघडलं की कारण सांगावं लागलं.

पहिल्या घरी ती म्हणाली, "या पाट्या चुकून लागल्यात. बाबा यावेळी निवडणुकीत नाहीत. म्हणजे, ते आता आपल्यात नाहीत. मार्चमध्ये... आम्ही कळवायला हवं होतं, पण पेपर बंद झाल्यापासून..." दारातली बाई वाक्य संपायची वाट बघत राहिली. वाक्य संपलं नाही. तिने मग कोरीनला आत बोलावलं आणि कॉफी दिली.

पाचव्या-सहाव्या घरापर्यंत वाक्यातून पेपर गळला. मग "आपल्यात नाहीत" गळलं. दुपारपर्यंत वाक्य आटून एवढंच उरलं: "बाबा मार्चमध्ये वारले. मी उभी आहे." लोक म्हणायचे, अरेरे. म्हणायचे, आम्हाला कळलंच नाही. एकाने टोपी काढली. एक जण म्हणाला, "मग मत कोणाला द्यायचं?" कोरीनने सांगितलं, "मला दिलंत तर बरं वाटेल," तर त्याने तिच्याकडे पाहून, खरंच विचार करून, म्हटलं, "बघतो."

"बघतो म्हणजे नाही," ट्रकमध्ये डेलबर्ट म्हणाला.

"कळलं मला."

"तुझे बाबा इथे मत मागायला कधी आलेच नाहीत. पाटी लावायला मीच यायचो तेव्हाही."

"मग मी तरी आले."

"काढायला आलीस," डेलबर्ट म्हणाला.

चढाच्या टोकाला चाकांवर आणून ठेवलेल्या एका घरासमोर पस्तिशीची एक बाई तिची वाटच बघत उभी होती. खालच्या घरून कोणीतरी फोन केला होता. पाटी तिने आधीच उपटून हातात धरली होती.

"ही मी देणार नाही," ती म्हणाली. "मी ट्रीना. मी सहा वर्षांची असताना जजनी मला आईच्या नावावर केलं. म्हणजे माझ्या या, दत्तक घेतलेल्या आईच्या. तो लाकडी हातोडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता तू मार, म्हणजे पक्कं झालं."

"अंगणात ठेवता येणार नाही," कोरीन म्हणाली. "नियम आहे."

"घरात?"

कोरीनने विचार केला. "घरात चालेल."

"मग घरात." ट्रीनाने पाटी दारामागे, बुटांच्या शेजारी उभी केली. मग बाहेर येऊन म्हणाली, "खरं सांगू का? मी ग्रँटला मत देणार आहे. त्याची बायको माझ्या मुलीला पोहायला शिकवते. पण जज उभे असते तर त्यांना दिलं असतं."

"बरोबर आहे," कोरीन म्हणाली, आणि तिला ते खरोखरच बरोबर वाटलं.

लेस्टर गुडपास्टरचं घर शेवटी आलं. तो रिकाम्या गोठ्यासमोर सरपण फोडत होता. डेलबर्ट ट्रकमधून उतरला नाही.

"बाबा मार्चमध्ये वारले, लेस्टरकाका," ती म्हणाली. "मी पाटी न्यायला आले."

लेस्टरने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "आपण मागच्या शनिवारी चर्चमध्ये भेटलो."

"हो."

"मी तुला निरोप दिला."

"हो."

"आणि तू आभार मानलेस."

लेस्टरने तिच्यामागच्या रस्त्याकडे पाहिलं. "आम्ही पहिलीपासून एका वर्गात होतो," तो म्हणाला. "त्याला नाकात बोटं घालायची सवय होती. पुढे जज झाला तेव्हा मी डोरीनला म्हणायचो, बघ, सवय गेलेली दिसते." तो हसला नाही. "मी आलो असतो ना, पोरी. अंत्यविधीला मी आलो असतो. काळा सूट आहे माझ्याकडे."

"मला माहीत नव्हतं की तुम्हाला कळलेलं नाही."

"त्या दिवशी तर कळलं ना?"

"कळलं."

गोठ्याच्या पत्र्यावरून काहीतरी सरकत खाली आलं, सुकलेली डहाळी असेल. डोरीन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने एप्रनला हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "मतांचं सांग तिला."

"आम्ही मत टाकून मोकळे झालो," लेस्टर म्हणाला. "टपालाने. मागच्याच आठवड्यात. माझा गुडघा असा, हिला गाडी चालवायला नको. वरचे निम्मे लोक टपालानेच देतात. मतपत्रिकेवर कोरीन प्रॉसर लिहिलं होतं."

"ते माझं नाव."

"ते आता कळलं. मी हिला म्हटलं, हे जजचं खरं नाव असणार."

"तुम्ही तर एका वर्गात होतात," कोरीन म्हणाली.

"वर्गात आम्ही त्याला स्किप म्हणायचो. मग जज म्हणायला लागलो. मधे कोणी नाव विचारलंच नाही." लेस्टरने कुऱ्हाड पुन्हा उपसली. "परत घेता येतं का, मत?"

"नाही."

"म्हणजे ते गेलंच तुला."

"हो."

"मग असू दे," लेस्टर म्हणाला आणि पुढचा ओंडका उभा केला. डोरीनने तिला केकचा तुकडा कागदात गुंडाळून दिला. चर्चमधला कोरीनने तसाच ठेवलेला होता, हे डोरीनने पाहिलं होतं.

परतीच्या वाटेवर, चर्चचं वळण ओलांडल्यावर डेलबर्टने विचारलं, "काय म्हणाला?"

"अंत्यविधीला आलो असतो म्हणाला."

"आला असता," डेलबर्ट म्हणाला. "सूट आहे त्याच्याकडे."

मतदानाच्या संध्याकाळी लोक न्यायालयाच्या खालच्या दालनात जमतात, कारण तिथे हीटर चांगला आहे. निवडणूक कार्यालयातली बाई मोठ्या पांढऱ्या फळ्यावर एकेका भागाचे आकडे लिहीत जाते. संगणकावर ते आधी येतात, पण फळ्यावर लिहिल्याशिवाय कोणी मानत नाही. दोन्ही उमेदवारांची माणसं एकाच टेबलावरचे डोनट खातात. नेड्रा आत्याने शिवाय भोपळ्याचा केक आणून ठेवला होता, आणि हॅसलबाकच्या बायकोने त्याचे समान तुकडे केले.

टपालाची मतं आधी मोजतात. त्यांत कोरीन चांगली पुढे होती. तिच्या मागे कोणीतरी शीळ घातली. ग्रँटने भिंतीला टेकून पाय बदलला.

मग गावातले भाग आले, ते निम्मेनिम्मे. नदीकाठचे ग्रँटला. आघाडी उतरत गेली. घागरीला बारीक भोक असावं तशी, हळूहळू, पण न थांबता. बेथेल रिजची पेटी नेहमीप्रमाणे शेवटी आली, कारण ती तीस मैलांच्या वळणांवरून गाडीने आणावी लागते. त्या दिवशी रिजवर केंद्रावर जाऊन ज्यांनी मत दिलं होतं, ती माणसं म्हणजे कोरीनने दारात उभं राहून ज्यांना सांगितलं होतं ती. बाईने आकडे लिहिले. ग्रँटला भरपूर पडली होती. कोरीनला थोडी.

बाईने बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. कोरीन प्रॉसर जिंकली होती. फरक एवढासा होता की कोणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत.

ग्रँट येऊन हात मिळवून गेला, मग पुन्हा परत आला.

"टपालाच्या मतांवर आलीस तू," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"पाट्या तेव्हा वर होत्या."

"होत्या."

"फेरमोजणी मागितली तरी मतं मोजतील. कोणाला समजून दिली ते नाही मोजणार."

"नाही."

ग्रँटने मान हलवली. त्याच्या बायकोकडे अजून तो फोटो असणार, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. "एक सांगू? मी तुझ्या जागी असतो तर पाट्या काढल्या नसत्या. आरामात जिंकलो असतो."

"तुझे वडील फ्लोरिडात मासे पकडतायत, ग्रँट."

"तेही आहेच," ग्रँट म्हणाला. "सोमवारी ती चोरीच्या सायकलींची केस आहे. उशीर करू नकोस. अजून तू फक्त वकील आहेस."

लोक पांगले. नेड्रा आत्या भावाचं नाव घेऊन थोडं रडली, मग केकची रिकामी थाळी शोधायला लागली. कोरीन फळ्यासमोर उभी होती. बेथेल रिजच्या ओळीतला तिचा आकडा छोटा होता. बाईने तो नीट, वळणदार लिहिला होता. कोरीनने तो पुन्हा वाचला. त्या आकड्यातल्या एकेका माणसाचं दार तिला बहुतेक सांगता आलं असतं. "बघतो" म्हणालेला माणूस त्यात होता की नाही, एवढंच कळायला मार्ग नव्हता. वरच्या, टपालाच्या ओळीतल्या मोठ्या आकड्यात मात्र कोण कोण होतं आणि त्यांच्या मनात कोण होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिने फळा पुसणाऱ्या बाईला वाट करून दिली.

बाहेर डेलबर्ट ट्रकजवळ उभा होता. मागे ताडपत्रीखाली पाट्या तशाच रचलेल्या होत्या. त्या शनिवारपासून त्याने त्या उतरवल्या नव्हत्या.

"या कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"माळ्यावर जागा नाही का?"

"आहे. पण मी विचार करत होतो." त्याने ताडपत्रीचं टोक उचलून पुन्हा खाली सोडलं. "सहा वर्षांनी तू परत उभी राहशील. तेव्हा तू जज असशील. तेव्हा यात एकही अक्षर खोटं नसेल."

कोरीनने त्यावर खरोखर विचार केला. नियमाच्या दृष्टीने डेलबर्टचं म्हणणं बिनचूक होतं.

"तेव्हा परत घरोघर सांगत फिरावं लागेल, डेलबर्टकाका," ती म्हणाली. "की ते नाहीत, ही मी आहे."

"फिरू," डेलबर्ट म्हणाला. "पण गाडी तू चालव. मला तोवर दिसायचं नाही."

तो ट्रकमध्ये चढला. पाट्या मागे वाजू नयेत म्हणून वळणापर्यंत त्याने गाडी हळू नेली, आणि कोरीन तिच्या गाडीतून त्याच्यामागे, तेवढ्याच हळू.